झरी जामणीत मुक्काम केला तर काय पाहाल? टिपेश्वरचे वाघ, शिबल्याचे दगडी खांब आणि पाहुण्यांच्या पैशाचा प्रश्न

नागपूरहून हैदराबादकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ४४ वर पांढरकवडा लागतं. गाडीतले बहुतेक जण इथे चहा घेतात आणि पुढे निघतात. काही जण मात्र सुन्ना गावाकडे वळतात, कारण तिथून टिपेश्वर अभयारण्यात शिरता येतं. गेल्या काही वर्षांत या वळणाचे फोटो आणि रील्स सोशल मीडियावर सतत दिसतात. जिप्सीसमोरून रस्ता ओलांडणारी वाघीण, तिच्यामागे बछडे, आणि खाली हजारो लाइक्स.

याच जंगलाच्या पूर्वेला झरी जामणी तालुका पसरला आहे. झरी आणि जामणी या दोन गावांच्या नावांवरून त्याला हे जोडनाव मिळालं. यवतमाळ जिल्ह्याचं हे अगदी टोक. दक्षिणेला पैनगंगा, आणि नदीपलीकडे तेलंगणातला आदिलाबाद जिल्हा. वाघाच्या रील्समध्ये या तालुक्याचं नाव क्वचितच येतं. वाघ माणसावर आल्याच्या बातमीत मात्र ते हमखास असतं.

या भागात एखाद्या छोट्या रिसॉर्टमध्ये, होमस्टेमध्ये किंवा शेतावरच्या खोलीत दोन-तीन दिवस मुक्काम केला, तर पाहण्यासारखं काय आहे? कधी जावं? आणि आपण जाण्याने इथल्या माणसांना काही मिळतं का? समजून घेऊ.

टिपेश्वर एवढं का गाजतंय?

टिपेश्वरला १९९७ मध्ये अभयारण्याचा दर्जा मिळाला. क्षेत्र १४८.६३ चौरस किलोमीटर. ताडोबाचं फक्त गाभा क्षेत्रच ६२५ चौरस किलोमीटर आहे, त्यावरून टिपेश्वर किती लहान आहे ते लक्षात येईल. जंगलात टिपाई देवीचं ठाणं आहे आणि टिपेश्वर हे नाव त्यावरूनच पडलं.

हे पानझडीचं सागवनी जंगल. उन्हाळ्यात पानं झडली की दूरवरचं दिसतं. चितळ, सांबर, रोही (म्हणजे नीलगाय), चौसिंगा, रानडुक्कर, अस्वल आणि बिबट्या इथे आहेत. खायला भरपूर आहे आणि पाणवठे आहेत, त्यामुळे वाघांची पिढी इथे चांगली वाढली. जंगल लहान, वाघ जास्त, म्हणून पाहुण्यांना वाघ दिसण्याची शक्यताही जास्त. टिपेश्वरच्या प्रसिद्धीचं सगळं गणित एवढंच आहे.

पण याच गणिताची दुसरी बाजू झरी जामणीला भोगावी लागते.

वाघ बाहेर का पडतात?

वाघाचा बछडा साधारण दोन वर्षांचा झाला की आईपासून वेगळा होतो आणि स्वतःचा टापू शोधायला लागतो. मोठ्या जंगलात तो कुठेतरी कोपरा धरतो. टिपेश्वरसारख्या लहान जंगलात आधीच प्रत्येक कोपऱ्यावर कुणीतरी हक्क सांगितलेला असतो. मग तरुण वाघ शेतातून, नाल्यातून, महामार्ग ओलांडून बाहेर निघतो.

याची तीन उदाहरणं राज्यभर गाजली:

• वॉकर (टी१-सी१): या नर वाघाला फेब्रुवारी २०१९ मध्ये टिपेश्वरमध्ये रेडिओ कॉलर लावण्यात आली. जूनमध्ये तो बाहेर पडला. आदिलाबाद, नांदेड, हिंगोली, वाशिम असे जिल्हे पालथे घालत सुमारे १,३०० किलोमीटर चालून डिसेंबर २०१९ मध्ये तो बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. पुढची भटकंती धरली, तर हा आकडा ३,००० किलोमीटरच्या पुढे जातो.
• गौताळ्याचा वाघ: मार्च २०२१ मध्ये छत्रपती संभाजीनगर आणि जळगाव जिल्ह्यांत पसरलेल्या गौताळा औट्रमघाट अभयारण्यात वाघ दिसला. तोही मूळचा टिपेश्वरचा निघाला.
• येडशीचा वाघ: डिसेंबर २०२४ मध्ये धाराशिव जिल्ह्यातल्या येडशी रामलिंग घाट अभयारण्यात वाघ कॅमेऱ्यात आला. त्याचंही माहेर टिपेश्वर.

इथे एक गोंधळ दूर करायला हवा. 'टी१' हे नाव ऐकलं की अनेकांना अवनी आठवते. अवनीलाही वनविभागाच्या नोंदीत टी१ म्हणत. पण ती पांढरकवडा वनविभागातली टी१, आणि वॉकरची आई टिपेश्वर अभयारण्यातली टी१. दोन्ही वेगळ्या वाघिणी. सोशल मीडियावर 'अवनीचा मुलगा बुलढाण्यापर्यंत चालला' अशा पोस्ट फिरतात, त्या चुकीच्या आहेत.

अवनीच्या गोष्टीतून काय उरलं?

जून २०१६ ते २०१८ या काळात पांढरकवडा, राळेगाव पट्ट्यात १३ जणांचे जीव गेले. त्यासाठी अवनी जबाबदार असल्याचं वनविभागाचं म्हणणं होतं. तिला ठार मारण्याच्या आदेशाविरोधातल्या याचिकेत हस्तक्षेप करायला सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१८ मध्ये नकार दिला. २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री बोराटीच्या जंगलात तिला गोळी घालण्यात आली. तेव्हा तिला दोन बछडे होते.

देशभर वाद झाला. शहरांमध्ये मेणबत्त्या पेटल्या, गावांत फटाके फुटले. दोन्हीकडची माणसं एकमेकांना निर्दयी म्हणत होती. पण गावातल्या माणसाचा प्रश्न साधा होता: कापूस वेचायला कुणाला पाठवायचं?

झरी जामणीतही याची पुढची पायरी दिसली. एप्रिल २०२१ मध्ये मुकुटबन वनपरिक्षेत्रात एका गुहेत वाघीण मेलेली सापडली. गुहेच्या तोंडाशी जाळ केलेला होता, तिच्या अंगावर वार होते आणि पंजे तोडून नेले होते. ती गाभण होती.

आणि ही एकच घटना नाही. रानडुकरांसाठी लावलेल्या तारेच्या फासात वाघ अडकतात. जानेवारी २०२५ मध्ये टिपेश्वरमधल्या एका वाघिणीच्या गळ्यात असाच फास रुतलेला दिसला. तिला बेशुद्ध करून तो काढावा लागला. फास लावणारा प्रत्येक जण शिकारी असतो असं नाही. रात्रभर जागल करूनही डुकरं तूर, ज्वारी लोळवतात, तेव्हा काही जण कायदा मोडून कुंपणाला तार किंवा थेट वीज जोडतात. त्यात डुक्कर मरतं, वाघ मरतो, कधी शेजारचा शेतकरीही मरतो.

उन्हाळा: पाहुण्यांचा आणि मोहाचा

टिपेश्वरला जाण्यासाठी कुणालाही विचारा, उत्तर मिळेल: मार्च ते जून. पाणी आटतं, मोजकेच पाणवठे उरतात, वाघ तिथेच येतो. पाहुण्यांची गर्दी तेव्हाच असते.

आता याच महिन्यांत गावातली माणसं काय करतात ते पाहा. मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुलं पडतात. ती पहाटे, ऊन व्हायच्या आत आणि जनावरांनी खायच्या आत वेचावी लागतात. वेचताना माणूस वाकलेला किंवा बसलेला असतो. मे महिन्यात तेंदूपत्त्याचा हंगाम येतो. जमीनदोस्त झालेल्या पिकाची थोडीफार भरपाई या दोन हंगामांच्या रोख पैशातून होते.

म्हणजे ज्या काळात वाघ पाहण्यासाठी पैसे मोजून माणसं बंद रस्त्यावरून, जिप्सीत बसून जंगलात शिरतात, त्याच काळात बाहेरच्या जंगलात दुसरी माणसं पोटासाठी पायी शिरतात. पहाट ही दोघांचीही वेळ. वाकलेला माणूस वाघाला चार पायांच्या सावजासारखा भासू शकतो, असं तज्ज्ञ सांगतात.

वन्यप्राण्याच्या हल्ल्यात मृत्यू झाला, तर महाराष्ट्रात वारसांना २५ लाख रुपयांची मदत देण्याचा निर्णय २०२३ मध्ये झाला. पैसा गरजेचा आहेच. पण घरातला कर्ता माणूस त्याने परत येत नाही.

वाघाशिवाय काय आहे?

बरंच आहे. आणि ते बऱ्याच प्रमाणात झरी जामणीच्याच बाजूला आहे.

१. शिबला-पारडीचे दगडी खांब. २०२१ मध्ये रस्त्याचं काम सुरू असताना शिबला-पारडी परिसरात जमिनीखालून एकाला एक चिकटलेले, पैलूदार दगडी खांब निघाले. कुणीतरी तासून रचून ठेवल्यासारखे. जुन्या राजवाड्याचे अवशेष सापडले, अशी चर्चाही झाली. प्रत्यक्षात ही माणसाची कारागिरी नाही. हा 'स्तंभीय बेसाल्ट' आहे.

तो तयार कसा होतो? सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनमध्ये जमिनीला भेगा पडून लाव्हा वाहिला. जाड थर हळूहळू थंड होत गेला. थंड होताना दगड आकसतो आणि त्याला तडे जातात. आटलेल्या तळ्यातल्या चिखलाला जशा बहुकोनी भेगा पडतात, तसंच. फक्त इथे तडे थंड होणाऱ्या पृष्ठभागापासून थरात खोलवर उतरत जातात, म्हणून खांब तयार होतात. सहा बाजूंचा आकार जास्त दिसतो, कारण कमीत कमी तड्यांत ताण मोकळा करण्याची ती सोयीची रचना आहे. मुंबईत अंधेरीची गिल्बर्ट हिल, कर्नाटकात उडुपीजवळचं सेंट मेरी बेट आणि उत्तर आयर्लंडमधला जायंट्स कॉजवे ही याच जातीची ठिकाणं. जायंट्स कॉजवे तर जागतिक वारसा आहे.

२. त्याहून जुना चुनखडक. मुकुटबन परिसर चुनखडकासाठी ओळखला जातो. सिमेंट कारखाना इथे आला तो त्यामुळेच. भूगर्भशास्त्रात या खडकांच्या गटाला नदीच्याच नावावरून 'पैनगंगा समूह' म्हणतात. हा चुनखडक डेक्कनच्या लाव्ह्यापेक्षा कित्येक पटींनी जुना आहे. तो साचला तेव्हा पृथ्वीवर झाडंही नव्हती आणि प्राणीही नव्हते. एकाच तालुक्यात काही किलोमीटरच्या अंतरावर इतक्या वेगवेगळ्या काळांचे दगड पाहायला मिळणं ही मोठी गोष्ट आहे. शाळेच्या सहलीसाठी याहून चांगला भूगोलाचा तास मिळणार नाही.

३. पैनगंगेचा काठ. हिवाळ्यात, पाणी संथ असताना, नदीकाठी पक्षी पाहायला सकाळची वेळ उत्तम. दुर्बीण, पाण्याची बाटली आणि गावातला एक माहीतगार माणूस पुरेसा. पावसाळ्यात मात्र नदीत उतरू नका. वर पाऊस झाला की पाणी अचानक वाढतं.

४. केळापूरची जगदंबा. पांढरकवड्याला लागूनच केळापूर आहे. तालुक्याचं अधिकृत नावही केळापूरच. इथल्या जगदंबेच्या मंदिरात नवरात्रात मोठी गर्दी होते.

५. नदीपलीकडचं आदिलाबाद. तेलंगणात नेरेडिगोंडाजवळ कडेम नदीवर कुंतला धबधबा आहे. त्या राज्यातल्या सर्वांत उंच धबधब्यांत त्याची गणना होते. पावसाळा संपतानाचा काळ पाहण्यासाठी चांगला. इंद्रवेल्ली मंडलातल्या केसलापूरला पौष अमावस्येला नागोबाची जत्रा भरते. गोंड समाजातल्या मेश्राम कुळाची ही जत्रा. कुळातली माणसं पायी जाऊन गोदावरीचं पाणी आणतात आणि त्याने देवाची पूजा होते. महाराष्ट्रातूनही भाविक जातात. राज्याची सीमा कागदावर आहे, नात्यागोत्यात नाही, हे इथे दिसतं.

कोलाम पोडावर जावं का?

झरी जामणी, केळापूर, मारेगाव या पट्ट्यात कोलाम समाजाची वस्ती मोठी आहे. त्यांच्या वस्तीला 'पोड' म्हणतात. त्यांची कोलामी भाषा द्रविड कुळातली. मराठीपेक्षा तेलुगू आणि गोंडीला जवळची. केंद्र सरकारच्या यादीत महाराष्ट्रातले तीन समाज 'विशेष असुरक्षित आदिवासी गट' आहेत: कातकरी, माडिया गोंड आणि कोलाम. बांबूच्या टोपल्या, सुपं, तट्टे विणण्यात कोलामांचा हात धरणारा दुसरा कुणी या भागात सापडणं कठीण.

पोडावर जावं का, याचं उत्तर: बोलावलं तर जावं. कॅमेरा घेऊन अचानक शिरू नये. घरात डोकावून व्हिडिओ काढणं, मुलांना चॉकलेट वाटून फोटो काढणं, 'आदिवासी लाइफ' नावाचं रील बनवणं यातलं काहीही करू नये. टोपली आवडली तर सांगितलेल्या किमतीला घ्यावी. एक टोपली विणायला किती वेळ लागतो ते विचारलं, तर घासाघीस करायची इच्छाच राहत नाही.

दिवाळीच्या सुमारास गोंड, कोलाम गावांत दंडार होते. नाच, वाद्यं, सोंगं. पाहुणा म्हणून निमंत्रण मिळालं तर नशीब समजा आणि मोबाइल खिशात ठेवा.

मग पाहुण्यांचा पैसा जातो कुठे?

टिपेश्वरच्या सफारीमुळे प्रवेशद्वारांजवळच्या गावांत काम आलं, हे खरं. स्थानिक तरुण गाइड झाले, कुणी जिप्सी घेतली, कुणी चहाची टपरी टाकली. सुन्ना आणि माथनी ही नावं त्यामुळे लोकांच्या तोंडी आली.

पण वाघ प्रवेशद्वाराची हद्द मानत नाही. तो मुकुटबनच्या जंगलातही असतो, झरीच्या शेतातही. तिथे सफारी नाही, त्यामुळे तिकीट नाही, गाइड नाही, जिप्सी नाही. वाघाचा धोका दोन्हीकडे सारखा आणि कमाई एकाच बाजूला. ज्या गावाला वाघापासून काहीच मिळत नाही, त्या गावाकडून फास लावणाऱ्याला अडवण्याची अपेक्षा ठेवायची, ही कसरत फार काळ चालत नाही.

यावर कागदावर काही वाटा आहेत:

• राज्याने २०१५ मध्ये डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजना सुरू केली. संरक्षित जंगलालगतच्या गावांचं जंगलावरचं अवलंबित्व आणि वन्यप्राण्यांशी होणारा संघर्ष कमी करणं हा तिचा हेतू. गॅस, कुंपण, रोजगाराचं प्रशिक्षण अशी कामं त्यात येतात.
• २०२० मध्ये राज्याचं कृषी पर्यटन धोरण मंजूर झालं. शेतकऱ्याला स्वतःच्या शेतावर पाहुण्यांसाठी खोल्या बांधून पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करता येते. नोंदणी असेल तर कर्ज आणि काही सवलतींसाठी दार उघडतं.
• शिबल्याच्या दगडी खांबांसारख्या ठिकाणाला कुंपण, माहितीफलक आणि गावातलाच एक माहीतगार एवढं मिळालं, तरी वाघाशिवायचं पर्यटन उभं राहू शकतं. नाही मिळालं, तर साडेसहा कोटी वर्षांचा दगड गिट्टी होऊन रस्त्यात जाईल.

पाहुणा म्हणून आपल्या हातात एक गोष्ट आहे: मुक्काम, जेवण आणि गाइड शक्य तितका गावातला निवडणं. ज्वारीची भाकर, तुरीचं वरण, वांग्याचं भरीत, पातोडीचा रस्सा. हे जेवण गावातल्या घरात जेवलात, तर पैसा त्याच घरात राहतो.

जायचं कसं, कधी?

• रस्ता: नागपूरहून पांढरकवडा सुमारे १५० किलोमीटर, चौपदरी महामार्गाने. यवतमाळहून साधारण ७० किलोमीटर. आदिलाबाद तर त्याहून जवळ.
• रेल्वे: माजरी–आदिलाबाद मार्गावर वणी, मुकुटबन, पिंपळखुटी ही स्थानकं आहेत. गाड्या मोजक्याच, त्यामुळे वेळापत्रक आधी पाहा.
• सफारी: बुकिंग वनविभागाच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच करा. ओळखपत्र मूळ न्या. पावसाळ्यात सफारी बंद असते. दर आणि सुट्टीचा वार बदलू शकतो, निघण्याआधी खात्री करा.
• ऋतू: वाघासाठी मार्च ते जून. पक्षी, दगड, नदी आणि गावं पाहायची तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो, लहान मुलं आणि ज्येष्ठांना सोबत नेताना विचार करा.

तीन दिवसांचा बेत

पहिल्या दिवशी दुपारी पोहोचा, केळापूरला देवीचं दर्शन घ्या, अंधार पडायच्या आत मुक्कामी या. दुसऱ्या दिवशी पहाटेची सफारी, दुपारी आराम, ऊन उतरल्यावर गावातल्या माणसाला सोबत घेऊन शिबल्याचे दगडी खांब. तिसऱ्या दिवशी सकाळी पैनगंगेच्या काठी पक्षी आणि मग परतीचा रस्ता. वाघ दिसला तर बोनस. नाही दिसला तरी रिकाम्या हाताने परतणार नाही.

हे मात्र करू नका

• अभयारण्याबाहेरच्या जंगलात परवानगीशिवाय ट्रेकिंग किंवा तंबू ठोकणं. 'इथे काही नाही' असं वाटणाऱ्या झुडपातच वाघीण बछडे ठेवते.
• पहाटे किंवा संध्याकाळी शेतातून एकट्याने फिरणं. गावकरी हातात काठी घेऊन, बोलत, गटाने जातात. त्यामागे अनुभव आहे.
• ड्रोन उडवणं.
• वाघाचं नेमकं ठिकाण रिअल टाइममध्ये पोस्ट करणं. पाहुण्यांआधी शिकाऱ्यालाही तो पत्ता मिळतो.
• गाइडवर 'अजून जवळ घ्या' म्हणून दबाव टाकणं. ३१ डिसेंबर २०२४ ला उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात पर्यटकांच्या गाड्यांनी एका वाघिणीला आणि तिच्या पाच बछड्यांना घेरलं होतं. व्हिडिओ व्हायरल झाला, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली, आणि गाइड-चालकांवर कारवाई झाली. आग्रह धरणारा पर्यटक घरी गेला, रोजगार मात्र गावातल्या पोराचा गेला.

टिपेश्वरचा वाघ टिकला तो सफारीमुळे जितका, तितकाच आजूबाजूच्या गावांनी त्याला सहन केलं म्हणून. झरी जामणीतली माणसं आजही पहाटे मोह वेचायला जातात. पुढच्या वेळी जिप्सीतून वाघाचा फोटो काढाल, तेव्हा त्याच पहाटे जंगलाच्या दुसऱ्या बाजूला टोपली घेऊन वाकलेलं कुणीतरी आहे, एवढं लक्षात ठेवा. आणि जेवण त्यांच्या गावात जेवा.